'अंद नाळ' : गाणी वजा केल्यावर

पडदा उजळतो आणि थोड्याच वेळात गोळीचा आवाज. शिवाजी गणेशनचा चेहरा थेट आपल्याकडे, पुढच्या क्षणी तो कोसळतो. गोळी झाडणारा चौकटीत नाही. ज्या नटासाठी लोक तिकीट काढून आले, तो सुरुवातीलाच मेला.

हा 'अंद नाळ', म्हणजे 'तो दिवस'. १३ एप्रिल १९५४, तमिळ नववर्षाच्या सुमारास प्रदर्शित झालेला एव्हीएम या चित्रसंस्थेचा तमिळ चित्रपट. कथेतला काळ ऑक्टोबर १९४३. मद्रासवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आहेत, शहर धास्तावलेलं आहे, आणि राजन नावाचा रेडिओ इंजिनिअर, म्हणजे शिवाजी गणेशन, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पिस्तुलाने मारला गेला आहे. घरात मोठी रक्कम तशीच पडलेली. म्हणजे चोरीसाठी खून झालेला नाही.

चित्रपटात एकही गाणं नाही. नाच नाही, मारामारी नाही. हिंदीत 'नौजवान'ने १९३७ मध्येच हे करून पाहिलं होतं, पण तमिळमध्ये हा पहिलाच बिनगाण्यांचा बोलपट.

आणि हे करणारी माणसं कोण? दिग्दर्शक एस. बालचंदर पुढे वीणावादक म्हणून देशभर नावाजले गेले, १९८२ मध्ये पद्मभूषण झाले. त्यांची पडद्याशी पहिली ओळख आपल्या 'प्रभात'मुळे झाली : १९३४ च्या तमिळ 'सीता कल्याणम्'मध्ये छोट्या बालचंदरने काम केलं, थोरला भाऊ एस. राजम त्यात राम होता. निर्माते ए. व्ही. मेय्यप्पन तर ग्रामोफोन रेकॉर्डच्या धंद्यातून वर आलेले. एक गाण्यात मुरलेला, दुसरा गाणी विकून मोठा झालेला. या दोघांनी गाणं बाजूला ठेवलं, याचं मोल मला फार वाटतं.

गाणी काढायची म्हणजे नेमकं काय होतं, ते फुटांत मोजून पाहू. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. चार मिनिटांचं एक गाणं म्हणजे ३६० फूट. अशी दहा गाणी धरली तर ३,६०० फूट, म्हणजे चाळीस मिनिटं. ही चाळीस मिनिटं गेली की प्रेक्षकाचा विसावा जातो, रेकॉर्ड आणि गाण्यांची पुस्तकं विकून येणारा पैसाही जातो. पटकथेचंही अवघड होतं. दोघांचं प्रेम जुळलं हे एका द्वंद्वगीतात उरकता येतं. गाणं नसेल तर त्यासाठी प्रसंग लिहावा लागतो, संवाद लिहावे लागतात. इथे ते काम जावर सीतारामन यांनी केलं, आणि खुनाचा तपास करणारे सीआयडी अधिकारी शिवानंदमही तेच झाले.

उरलेला भार छायालेखक मारुती राव यांच्यावर. कथेचा बराच भाग एका घरात घडतो, त्यामुळे जागा बदलून ताजेपणा आणायची सोय नाही. तो आणला उजेड-अंधाराने. चेहऱ्याची एक बाजू उजळलेली, दुसरी काळोखात. समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही, हा प्रश्न संवादाआधी उजेडच विचारतो.

या चित्रपटाचं नाव नेहमी जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'राशोमोन'शी जोडतात. बालचंदरना प्रेरणा तिथूनच मिळाली, हे खरं. पण रचना वेगळी आहे. 'राशोमोन'मध्ये एकच घटना प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो. इथे साक्षीदार सांगतात ते खुनाआधीचे वेगवेगळे प्रसंग, आणि प्रत्येक जण बोट दुसऱ्याकडे दाखवतो. समोर राहणारे चिन्नय्या पिळ्ळै म्हणतात, राजनचा धाकटा भाऊ पट्टाभी, कारण वडिलोपार्जित इस्टेटीच्या वाटणीवरून भांडण होतं. पट्टाभीला आपल्याच बायकोचा, हेमाचा संशय. हेमा नाव घेते राजनच्या ठेवलेल्या बाईचं, अंबुजमचं. आणि अंबुजम बोट दाखवते चिन्नय्यांकडे. वर्तुळ पूर्ण.

अशा रचनेत एक धोका असतो. प्रत्येक साक्षीबरोबर कथा मागे जाते, पुन्हा चौकशीच्या खोलीत येते, पुन्हा मागे. तिसऱ्या फेरीपर्यंत प्रेक्षक कंटाळतो. इथे ते होत नाही, कारण दर फेरीला मेलेला माणूस नवा दिसतो : कुणाचा हेकट थोरला भाऊ, कुणाचा प्रियकर. पहिल्या चित्रपटाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा शिवाजी गणेशनने ही नकारात्मक भूमिका घेतली.

पहिल्या खेपेला चित्रपट चालला नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, मग तो पुन्हा लावला, तेव्हा कुठे लोक आले.

आता उकल. चित्रपट पाहायचा असेल तर इथेच थांबा.

त्या वर्तुळात एक नाव कुणीच घेतलं नाही. राजनची बायको उषा, म्हणजे पंढरीबाई. राजन देशाची गुपितं जपान्यांना विकत होता. आपल्या संशोधनाची इथे कुणी कदर केली नाही, हा त्याचा सल. उषाला ते कळलं, आणि गोळी तिच्याच हातून सुटली.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा सुरुवातीच्या चौकशीकडे नीट बघा. अधिकारी पहिल्यांदा उषाकडेच वळतात. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. नवरा गेल्याचा धक्का समजून ते तिला सोडतात आणि चिन्नय्यांना प्रश्न विचारू लागतात. आपणही त्यांच्यासोबत निघून जातो, आणि ती तिथेच गप्प बसलेली असते.