सोडून गेलेला आपला माणूस

(फोंडा येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मडगावच्या फातोर्डा भागातल्या फुटबॉल स्टेडियममध्ये पाहुण्या संघाची नावं पुकारली जातात तेव्हा कान देऊन ऐका. कुठल्याशा परदेशी खेळाडूच्या नावाला कुणी दाद देत नाही आणि हरकतही घेत नाही. मग एक नाव येतं आणि पूर्वेकडचा खालचा सगळा स्टँड उभा राहून हुर्यो उडवतो. ते नाव बहुतेक वेळा आपल्याच माणसाचं असतं, कालपरवापर्यंत एफसी गोवाच्या नारिंगी जर्सीत खेळलेल्याचं. त्या रागाबद्दल मला आज बोलायचं आहे. हा राग मला खरा वाटतो आणि त्यात प्रेमाचा वाटा मोठा आहे, म्हणूनच तो कुठे थांबावा हेही आपणच ठरवायला हवं.

२०२० साल आठवा. सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. चेंडू पायात ठेवून खेळायचं, मागून बांधत पुढे जायचं, हा खेळ त्यांनी आपल्याला दाखवला आणि आपण त्याच्या प्रेमात पडलो. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस, संघ तक्त्यात वरती असताना, क्लबनं त्यांच्यापासून फारकत घेतली. उरलेले सामने आपल्या क्लिफर्ड मिरांडानं सांभाळले आणि साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड गोव्याकडे आली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचलेला पहिला भारतीय क्लब आपला ठरला. तो आनंद ओसरायच्या आत बातम्या सुरू झाल्या. लोबेरा मुंबई सिटी या प्रतिस्पर्धी क्लबकडे गेले. पाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्युगो बूमूस हे खेळाडू गेले, आणि म्हापशाचा मंदार राव देसाईही गेला. मंदार पहिल्या मोसमापासून आपल्याबरोबर होता आणि कप्तानीही त्यानं केली होती. बूमूससाठी मुंबईनं १ कोटी ६० लाख मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

त्याच वर्षी कोरोही गेला. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, आपल्यासाठी सर्वांत जास्त गोल करणारा फेरान कोरोमिनास. त्याला कुणी शिवी दिली? आजही त्याचं नाव निघालं की माणसं हळवी होतात. तो स्पेनला परतला, शेजारच्या दारी गेला नाही. म्हणजे आपल्याला जाण्याचा राग येत नाही. तो कुठे गेला, कसा गेला आणि कुणाबरोबर गेला, याचा राग येतो. जाहूचे ते चाळीस-पन्नास मीटरचे तिरके पास आपण दोन-तीन मोसम टाळ्या वाजवून पाहिले होते. कॉर्नरवर फॉल उडी मारायचा तेव्हा गोल होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असायचं. आता तीच कला आपल्याविरुद्ध वापरली जाणार होती. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारे’ असं जुनी माणसं म्हणत, ते शब्द त्या वर्षी फार ऐकू आले.

पुढे जे घडलं त्यानं जखम आणखी चिघळली. कोविडमुळे २०२०-२१ची सगळी आयएसएल गोव्यात झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीन मैदानांवर, आणि एकाही प्रेक्षकाला आत प्रवेश नव्हता. उपांत्य फेरीत आपली गाठ मुंबईशीच पडली. फातोर्ड्यात २-२, बांबोळीला ०-०, आणि पेनल्टींवर आपण ६-५ असे हरलो. पाच दिवसांनी मुंबईनं मोहन बागानला २-१ नं हरवून करंडक उचलला, तोही आपल्या फातोर्ड्याच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर. आपलेच जुने खेळाडू आपल्याच मैदानात जिंकले आणि आपण घरात टीव्हीसमोर बसून होतो. स्टेडियममध्ये नव्वद मिनिटं ओरडून माणूस मोकळा होतो. त्या वर्षी ती सोय नव्हती. साचलेलं सगळं मोबाइलवरून बाहेर पडलं, आणि मोबाइलवर शेवटची शिट्टी होत नाही.

बाहेरच्या जगात हे नवीन नाही. आपल्या सासष्टीत ज्याच्या नावाची जर्सी घालून पोरं हिंडत, तो लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, रेयाल माद्रिदला गेला. दोन वर्षांनी तो बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर कॉर्नर घ्यायला उभा राहिला तेव्हा स्टँडमधून डुकराचं मुंडकं येऊन पडलं आणि सामना काही वेळ थांबवावा लागला. २०२५ मध्ये क्लब सोडणार असल्याचं सांगितल्यावर लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डची त्याच्याच अ‍ॅनफिल्डवर हुर्यो झाली, आणि तो जन्मानं त्या शहराचा आहे.

पण बार्सिलोना मोठं शहर आहे. गोवा लहान आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे. इथे खेळाडूचा वाडा कुठला, घर कुठलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची आई मासळी बाजारात भेटते, वडील चवथीला किंवा चर्चच्या फेस्ताला भेटतात, धाकटा भाऊ आपल्याच मुलाबरोबर गावच्या मैदानात खेळतो. स्टेडियमवर केलेली हुर्यो खेळाडूला लागते, पण बाजारात मारलेला टोमणा त्याच्या आईला लागतो. त्या माउलीनं कुठल्याही करारावर सही केलेली नसते. मुलानं क्लब बदलला म्हणून आईला नेहमीच्या वाटेनं जाणं नकोसं झालं, तर ती लाज आपल्या गावाची आहे. हे मी फार गंभीरपणे सांगतोय.

आणि सोडून जाण्याचं म्हणाल, तर आपण कोण बोलणार? तारवोटी, म्हणजे खलाशी, होऊन बोटीवर गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. मुंबईत गिरगावात आणि धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या राहिल्या. २०२० पर्यंत पोर्तुगीज पासपोर्ट काढून मुलं लंडनला, स्विंडनला जात होती आणि आपण त्यांना विमानतळावर सोडायला जात होतो. पोटासाठी गेलेल्याला गोव्यानं कधी बेइमान म्हटलं नाही. खेळाडूचं पोट तर गुडघ्यावर चालतं. तिशी ओलांडली की करार लहान होत जातात, एक लिगामेंट तुटलं की संपलं.

क्लबांचंही बघा. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यांचा फुटबॉल महासंघाच्या धोरणाशी वाद होता आणि त्यात तथ्यही होतं. पण पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो त्या पातळीवर खेळायचा थांबला, तेव्हा कितीतरी गोव्याची पोरं एका झटक्यात दुसरीकडे काम शोधू लागली. त्या वर्षी ‘सोडून गेले’ म्हणून कुठल्या क्लबची आपण हुर्यो उडवली? प्रशिक्षकाला मधूनच निरोप देणारा क्लब, किती पैसे भरले की खेळाडू करार मोडून जाऊ शकतो ती सुटकेची रक्कम करारात लिहिणारा क्लब, यांच्याही सह्या त्या कागदावर असतात. राग फक्त खेळाडूवर निघतो, कारण चेहरा त्याचा दिसतो.

एका खेळाडूची गोष्ट आपण सोयीनं विसरतो. २०२१च्या त्या उपांत्य सामन्यात मुंबईसाठी निर्णायक पेनल्टी मारणारा रोलिन बोर्जिस हा आपलाच, गोव्याचा. पुढे २०२३ मध्ये तो एफसी गोवाकडे आला आणि त्याच स्टँडनं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, सात मोसम आपल्यासाठी खेळलेला ब्रँडन फर्नांडिस मुंबईला गेला. दोघांनीही तोच रस्ता धरला, फक्त दिशा उलट होती.

मग वाईट जाणं कशाला म्हणायचं? बोलणी पक्की झाल्यावरही कॅमेऱ्यासमोर बोधचिन्हाचं चुंबन घेणं वाईट. चाहत्यांना जाहिरातीतून कळवणं, स्वतः एक शब्द न बोलणं वाईट. परत येऊन गोल केल्यावर जुन्या स्टँडसमोर मुद्दाम नाचणं वाईट. अशा खेळाडूची नव्वद मिनिटं खुशाल हुर्यो उडवा, मीही उडवीन. पण जो नीट सांगून गेला, त्याच्या नावाला पहिल्या भेटीत उभं राहून टाळ्या मिळाल्या पाहिजेत, मग तो मुंबईच्या निळ्या जर्सीत का असेना.

क्लबांकडे माझी एक मागणी आहे. जाणाऱ्या खेळाडूला शेवटच्या घरच्या सामन्यानंतर मैदानात माइक द्या. पाच मिनिटं पुरेत. त्याला कोकणीत बोलू दे, मराठीत बोलू दे, जमेल त्या भाषेत बोलू दे. लोक ऐकून घेतील, काही जण ओरडतीलही. ओरडू देत. ते त्याच्या तोंडावर ओरडलेले असतील, आणि तोही त्यांना उत्तर देऊ शकेल.