मेंढा आणला, मग जुळी कुठायत?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी म्हणे माझ्या बोलण्यात पंख्याचा आवाज येत होता, म्हणून आज पंखा बंद करून बसलेय, घाम पुसत पुसत बोलते.

विषय मेंढ्यांचा. माण तालुक्यात बसून मेंढ्यांवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून द्यायची, पण माझं दुकान छोटंय. तीन एकर कोरडवाहू आणि वीसेक मेंढ्या, सकाळी सोडायच्या, दिवस मावळायला वाड्यात. आपली दख्खनी मेंढी काटक, सगळं खरं, पण एका वेताला एकच कोकरू. पाच महिने गाभण, तीन महिने पाजायचं, आणि हातात एक. वीस मेंढ्यांवर घर चालवायचं तर ते एक कमी पडतं.

तिकडं बंगालात सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे, बारा-चौदा किलोची, आपल्या बोकडाशेजारी उभी केली तर मांजर वाटेल, पण तिला जुळी, कधी तिळीसुद्धा. 1790च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या मेरिनोत जुळ्यांचा गुण आला तो त्यांच्यामुळं असं मानतात. तो गुण नेमका कुठल्या जीनमध्ये बसलाय ते 2001 साली सापडलं. पण आपल्या फलटणच्या निंबकर संस्थेनं, नारीनं, त्याच्या आधीच गारोळ आणून दख्खनीशी संकर सुरू केला होता. नारी सुवर्णा नाव ऐकलं असेल, ती त्यातूनच आली. गारोळचा फक्त तो जीन घ्यायचा आणि अंगलोट आपल्या मेंढीची ठेवायची, असा डाव.

आता कान देऊन ऐका. हा जीन चालतो मादीच्या बीजकोशात. मेंढीला एका माजाला एकाऐवजी दोन बीजं सुटतात म्हणून जुळी. मेंढ्याकडं जीन असला तरी त्याच्यामुळं तुमच्या आत्ताच्या मेंढीला जुळी होत नाहीत, त्याच्या लेकींना होतात. परत सांगते, मेंढ्यामुळं नाही, मेंढ्याच्या लेकींना. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर… सांगितलं होतं खरं, मी ऐकलं नव्हतं.

झालं असं, मी तो मेंढा आणला. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून जीन असलेला, रक्त तपासलेला, म्हणजे प्रत्येक लेकीत उतरणारच. एकाच बाजूचा असला तर निम्म्या लेकींत उतरतो, घेताना हे विचारा. दिसायला मात्र बेताचा. ना मडग्याळ जातीच्या मेंढ्यासारखं पोपटाच्या चोचीचं नाक, ना उंची. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, दारातूनच म्हणल्या, "एवढ्या पैशात ह्यो? ह्याला खायला कोण घालणार?" (आणि नाक बघून मेंढा घ्यायची ही जी हौस आलीय ना, बोल्या लागतात लाखालाखाच्या, फोटो काढतात, फेटा बांधतात, नाकानं कोकरं होत असती तर काय पाहिजे होतं.) शेजारचे तात्या, त्यांचा शंभराचा कळप, सगळं आयुष्य मेंढरामागं गेलेलं, ते तर हसत हसत खालीच बसले.

आषाढात मेंढा सोडला. मार्गशीर्षात सोळा मेंढ्या व्याल्या. सोळा मेंढ्या, सोळा कोकरं. एक जुळं नाही. तात्या रोज सकाळी बांधावरून ओरडायचे, "सूनबाई, जुळी कुठायत?" बाजाराला निघाले तरी तेच, दळणाला भेटले तरी तेच. आत्यांनी मेंढा विकायचा दिवस ठरवला. मग मी मेंढ्यासोबत आलेला कागद काढून नीट वाचला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अगं बाई, लेकींना! नऊ माद्या होत्या, त्या ठेवल्या, नर विकले.

आता बाप लेकीला लावायचा नाही हे तुम्हाला माहितीय. दुसरा मेंढा आणायला पैसे कुठले? तात्यांकडं गेले, म्हणलं अदलाबदल करू. "दे, माझ्याकडं चरंल बापडा," म्हणले, उपकार केल्यासारखं. त्यांचा साधा मेंढा माझ्या लेकींना, माझा त्यांच्या कळपात.

लेकी मोठ्या होऊन गाभण राहिल्या, आणि दुसऱ्या वैशाखात पहिली लेक व्यायला बसली. रात्री साडेबारा, लाईट गेलेली, मोबाईलचा टॉर्च आत्यांच्या हातात. एक कोकरू आलं, तिनं चाटायला घेतलं. आत्या म्हणल्या, "झालं, एकच," आणि टॉर्च घेऊन निघाल्या झोपायला. तेवढ्यात मेंढी परत बसली, कळा देतेय. मला वाटलं वार अडकली. घाबरून तात्यांना फोन लावला. तात्या घोंगडं गुंडाळून, बडबडत, काठी आपटत आले, आणि येतायत तोवर दुसरं जमिनीवर! तात्यांनी दोन्ही बघितली, मला बघितलं, आणि टॉर्च घेऊन सगळा वाडा फिरून आले. का, तर म्हणे हिनं दुसरीचं कोकरू चोरलंय, ती कोणती ते शोधतोय! खरं तर कधीकधी तसं होतंही, व्यायला टेकलेली मेंढी दुसरीचं चाटत बसते. पण व्यालेली दुसरी कुणीच नव्हती आणि ह्या कोकराची नाळ अजून ओली लोंबत होती. तात्या खाली बसले. ह्या वेळी हसत नाही.

पण दुसरं कोकरू बारकं, गारठलेलं. तात्यांनी त्याच्या तोंडात बोट घातलं, "तोंड गार हाय, आधी ऊब, मग दूध." गारठलेल्या कोकराला घाईनं दूध ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. चुलीजवळ पाटीत घोंगडं घालून ठेवलं (खरं लोकरीचं घोंगडं, ते आता बाजारात धाग्याची भेसळ करून विकतात त्याला ऊब नाही, त्याला सतरंजीच म्हणा). तोंड कोमट झाल्यावर आईच्या सडाचं तोंड पिळून मोकळं केलं आणि चीक पाजला. पहिल्या तासा-दोन तासात चीक पोटात गेला पाहिजे, चीक गेला पाहिजे, सगळ्या रोगांची ढाल त्यातच असते. पहाटेपर्यंत पोरगं उभं राहिलं. नऊपैकी आठ व्याल्या, पाच जणींना जुळी.

वेळ कमी उरलाय, बाकी पटपट. जुळ्याची मेंढी शेवटच्या दीड महिन्यात उपाशी ठेवू नका, पोटात जागा कमी आणि खाणारी दोन, रोज पाव किलोभर भरडा आणि शेवरी-सुबाभूळ घाला, नाहीतर मेंढी मान टाकते. वरचं दूध पाजायची वेळ आली तर गाईच्या दुधात पाणी घालू नका, मेंढीचं दूध मुळातच घट्ट. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला नको, त्यातलं तांबं मेंढीला विष होतं, मेंढीचं वेगळं मिळतं. आंत्रविषार, म्हणजे कोवळं गवत खाऊन आतड्यात विष होतं तो रोग, त्याची लस पावसाच्या आधी, पाऊस पडून कोवळं गवत उगवल्यावर नाही, आधी. आणि जे कोकणात, वरच्या मुलखाला कळप घेऊन फिरतात त्यांनी विचार करून हे करा, घोड्यावर किती कोकरं लादणार? हा धंदा माझ्यासारख्या घराजवळ चारणाऱ्यांचा.

हां, तात्यांचं राहिलंच. माझ्या मेंढ्यापासून त्यांच्याकडं पहिली कोकरं झाली, सगळी एकेक. मी बांधावर गेले आणि ओरडले, "तात्या, जुळी कुठायत?" काही बोलले नाहीत. पण दरवर्षी लोणंदच्या बाजारात माद्या विकणारा माणूस, ह्या वर्षी एक मादी विकली नाही. आणि माझा मेंढा परत मागितला की म्हणतात, पुढच्या बाजारानंतर बघू.