कणगीत पुरलेल्या गोळ्या

नमस्कार मंडळी. दुपारची भाकरी आटोपून सावलीला टेकला असाल, तर जरा वेळ माझ्यासाठी काढा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिलाही जवळ बसवा, आणि तिच्या सासूबाईंना तर नक्कीच बसवा.

आज बोलायचंय ते गरोदरपणातल्या शुगरच्या गोळीबद्दल. आईनं ही गोळी घेतली तर पोटातल्या लेकराला मोठेपणी मूलबाळ व्हायला अडचण येते का, असं हल्ली खूप जणी विचारतात. मला हे पहिल्यांदा विचारलं ते गंगाखेड तालुक्यातल्या एका सासूबाईंनी, सात-आठ वर्षांपूर्वी.

वैशाखाचे दिवस होते. सून पंचवीस वर्षांची, सहावा महिना, दुसरी खेप. पहिलं बाळ चार किलोच्या वर होतं, बाळंतपणात अडलं आणि गेलं. त्या वेळी तिची शुगर कुणी तपासलीच नव्हती. म्हणून या खेपेला आशाताई तिला हाताला धरून घेऊन आल्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं, शुगर निघाली १७२. ही शुगर १४० किंवा त्याच्या वर गेली की गरोदरपणातला मधुमेह समजायचा. दोन आठवडे खाण्यापिण्याचं पथ्य केलं, तरी शुगर खाली येईना. मग मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली, ५०० ची, सकाळ-संध्याकाळ.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. शुगर वाढलेली. मी सुनेला विचारलं, गोळ्या घेतेस ना? ती खाली बघत राहिली. सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "तिला नका बोलू. गोळ्या म्या बंद केल्या. ज्वारीच्या कणगीत पुरल्यात."

मला राग आला. मी मोठ्यानं बोलले, आणि ते माझं चुकलं, हे आज सगळ्यांसमोर सांगते. कारण त्या माऊलीचं पुढचं बोलणं ऐकल्यावर माझा आवाजच बसला. त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं, की आईनं ही गोळी खाल्ली तर पोरगा पुढं बाप होत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या थोरल्या सुनेला नऊ वर्षं झाली, लेकरू नाही. गाव तिला काय काय बोलतं ते म्या ऐकते. दोष कुणात हाय ते कुणी बघत नाही, बोलणं तिलाच. उद्या माझ्या नातवाच्या बायकोवर ती पाळी माझ्या हातानं यावी का? तेवढं खरं सांगा."

मंडळी, नातू जन्मलेला नाही, त्याचं लग्न तर लांबच, आणि ही बाई त्याच्या बायकोसाठी रडत होती. मी सिस्टरला सांगितलं, बाहेरच्या पेशंटना थोडं थांबवा. मावशींना खुर्ची दिली आणि जे मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते.

मोबाईलवरची गोष्ट हवेतून आलेली नव्हती. मेटफॉर्मिन वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून, बाळापर्यंत पोचते, हे खरं आहे. मुलग्याचे वृषण तर आईच्या दुसऱ्या महिन्यातच घडायला लागतात. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की प्रयोगशाळेतल्या बशीत या औषधाची मात्रा वाढवली की गर्भाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं संप्रेरक, कमी तयार होतं. ज्या उंदरीणींना पोट असताना औषध दिलं, त्यांच्या पिल्लांचे वृषण लहान निघाले, आणि पुढं शुक्रजंतूंना पोसणाऱ्या पेशीही कमी भरल्या. एवढं खरं. पण बशी म्हणजे पोट नाही आणि उंदीर म्हणजे माणूस नाही. फिनलंडमध्ये पन्नासएक मुलगे तपासले. निम्म्यांच्या आयांनी गोळी घेतली होती, निम्म्यांच्या आयांनी इन्सुलिन. दोन्हीकडच्या मुलांच्या वृषणांचा आकार सारखाच भरला. अभ्यास लहान, मुलंही लहान, पण माणसांची आहेत. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातला ७५१ बायकांचा मोठा अभ्यास २००८ साली छापून आला, त्यातली लेकरं आत्ता कुठं विशीत आलीत. त्यांच्या लेकराबाळांचा हिशेब मांडायला अजून काही वर्षं जातील.

आता दुसरी बाजू. गोळी बंद केली म्हणून शुगर थांबत नाही. आईची साखर बाळाकडं जातच राहते, बाळ अति वाढतं, बाळंतपण अडतं, पोटातच जीव जाऊ शकतो, आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली घसरते. अशा लेकरांना पुढं लठ्ठपणा आणि मधुमेह लवकर गाठतो, आणि मूल व्हायला अडचण या दोन्हींमुळंही येते. म्हणून सांगते, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, दुसरा रस्ता मागा, पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

दुसरा रस्ता आहे. इन्सुलिन. आईला टोचलेलं इन्सुलिन वारेतून बाळाकडं जवळपास जातच नाही. मावशींनी तोच रस्ता धरला. म्हणाल्या, "सुई तर सुई."

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आणि घरात फ्रिज नव्हता. बाहेर बेचाळीस डिग्री. मग आशाताईंनी मोठ्या कुंडीत वाळू भरली, मधे मातीचं लहान मडकं बसवलं, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. मडक्यात स्टीलची डबी, डबीत वापरातली बाटली. न फोडलेली बाटली आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये. सुई कोण टोचणार? सुनेचा हात थरथरायचा. मावशी शिकल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. मी त्यांना दाखवलं, ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सुई, नारिंगी टोपणाची नाही, ती १०० ची. ते त्यांनी असं धरून ठेवलं, की एकदा दुकानदारानं नारिंगी दिली तर भर उन्हात परत जाऊन बदलून आणली. आपल्याकडं शिकलेल्या घरांतही टोपणाचा रंग कुणी बघत नाही.

पथ्याचंही तसंच. दोन भाकरी, वरणाची वाटी, मेथी नाहीतर चुका, आणि जेवण झाल्यावर अंगणात फेऱ्या. भाकरीनंही साखर वाढते, म्हणून मोजून. पण ज्वारीचीच. मला मनापासून वाईट वाटतं की आपल्या मराठवाड्यानं ज्वारी सोडली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती'सारखं वाण दिलं, आणि आपण सगळं रान सोयाबीनला देऊन रेशनच्या गव्हाच्या पोळ्या खातोय. कडबा गेला, जनावरं गेली. निदान खाण्यापुरती तरी पेरा. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

तर अडतिसाव्या आठवड्यात ती बाळंत झाली. तीन किलोची मुलगी, आल्या आल्या रडली. मावशींनी तिला पदरात घेतलं आणि मला विचारलं, "आता हिचं कसं? हिला होतील ना?" मी म्हटलं, मावशी, मुलीच्या अंगातली सगळी बीजं तिच्या आईच्या पोटातच तयार होतात. पाचव्या महिन्यात साठ-सत्तर लाख असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात, नवी नंतर होत नाहीत. म्हणजे तुमच्या पणतवंडांची बीजं तुम्ही रोज सुई टोचत होता त्याच पोटात घडत होती. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीच्या टाळूवर हात ठेवून बसल्या.

निघताना मी त्यांना एकच काम सांगितलं. कोणत्या महिन्यात कोणतं औषध, किती दिवस, हे माता-बाल कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड फेकू नका. त्या पहिल्या काही गोळ्यासुद्धा त्यावर लिहिल्या. औषधाचा परिणाम कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनी कळतो. एके काळी अमेरिकेत गरोदर बायकांना, त्यात मधुमेहाच्या बायकाही आल्या, स्टिलबेस्ट्रॉल नावाचं संप्रेरक द्यायचे. त्याचं नुकसान १९७१ साली उघड झालं, त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर. मेटफॉर्मिन तशी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या मुलींना आईनं काय घेतलं होतं हे शोधायला फार त्रास झाला. तुमच्या मुलीला तो होऊ नये.

मावशींनी ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. त्याच पिशवीत सातबारा होता.

आता तुमच्यासाठी. पहिली शुगर दिवस गेल्याचं कळल्याबरोबर, दुसरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत, आणि शुगर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा. गोळी विसाव्या आठवड्यानंतर देतात, इन्सुलिन केव्हाही चालतं. दोन्हींतलं काय घ्यायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि परत सांगते, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते. येत्या ९ ला जाताना जुनं कार्ड, गोळ्यांची पाकिटं आणि मनात असेल तो प्रश्न, तिन्ही बरोबर घेऊन जा. आणि सासूबाई, तुम्ही सोबत जा.

नमस्कार.