घरीच असतो

वेताची ओली पट्टी खुर्चीच्या चौकटीतल्या भोकांतून ओवणारे हे हात एका अंध कारागिराचे आहेत. भोके ते बोटांनी मोजतात. पट्टी मध्येच पिळली गेली तर तिची खरखरीत बाजू अंगठ्याला लागते आणि तेवढाच भाग उसवून ते पुन्हा ओवू लागतात. याच घराच्या दारात आम्ही श्रमबल सर्वेक्षणातला, म्हणजे कोण काम करतो आणि कोण काम शोधतो हे मोजणाऱ्या पाहणीतला, कामाविषयीचा प्रश्न वाचून दाखवला, तेव्हा थोरल्या भावाने सांगितले, "तो काही करत नाही, घरीच असतो."

सर्वेक्षणात अनेकदा घरातले एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरे देते. खरे तर व्याख्या उदार आहे: गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी कमाईचे काम केले असेल, तरी साप्ताहिक स्थितीनुसार ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. 2017 साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या पत्रिकेत मात्र वय, लिंग, शिक्षण यांच्या शेजारी अपंगत्वाचा रकाना नव्हता. अपंगत्व उमटत असे ते सांकेतांक 95 मध्ये, ज्याचा अर्थ 'अपंगत्वामुळे काम करण्यास असमर्थ'. म्हणजे काम करणारा दिव्यांग माणूस कामगारांत मोजला गेला, तरी दिव्यांग म्हणून तो कुठेच दिसत नसे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 76वी फेरी, जुलै ते डिसेंबर 2018, खास दिव्यांगांसाठी होती. त्यात 15 वर्षांवरील दिव्यांगांपैकी 23.8 टक्केच श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांत, आढळले, आणि बेरोजगारीचा दर निघाला अवघा 4.2 टक्के. हा दर दिलासा देणारा वाटतो, पण काम शोधणेच ज्यांनी सोडून दिले, ते त्यात येत नाहीत.

अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या 'वॉशिंग्टन गट' या आंतरराष्ट्रीय गटाची सहा प्रश्नांची पद्धत "तुम्ही अपंग आहात का?" असे विचारतच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला किंवा जिने चढायला त्रास होतो का, असे ती विचारते आणि 'मुळीच नाही' पासून 'अजिबात जमत नाही' पर्यंत चार उत्तरे पुढे ठेवते. हे प्रश्न रोजगाराच्या पत्रिकेतच, दर फेरीला विचारले गेले पाहिजेत, म्हणजे दिव्यांगांच्या कामाची तुलना इतरांशी त्याच मापाने करता येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिलेले 4 टक्के आरक्षण कितपत पुरे पडते, हेही या आकड्यांवाचून कळत नाही.

भावाला विचारलेला प्रश्न आम्ही मग आत जाऊन कारागिरांनाच विचारला. हातातली पट्टी न सोडता ते म्हणाले, "या आठवड्यात दोन खुर्च्या झाल्या. ही तिसरी."