टाच उचलून दाखव

सीझरला दहा वर्षं झालेली बाई माझ्यापुढं बसते आणि म्हणते, "मॅडम, तवाच्या त्या सुईनंच कंबर गेली बघा माझी." मराठवाड्यात भूल देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतं. पाठीत भूल देताना टोचलेल्या सुईची जागा दोन-चार दिवस ठणकते, हे कबूल. दहा वर्षांची कंबरदुखी मात्र तिची नसते. कडेवरचं लेकरू, डोक्यावरची घागर, दिवसभर वाकून कापूस वेचणं, यांचा हिशेब कुणी धरत नाही. या सुईमुळं मणक्यात क्वचित होऊ शकणाऱ्या रक्तस्रावाबद्दल मला आजवर एकाही बाईनं विचारलेलं नाही. म्हणून आज तो विषय मीच काढते.

मज्जारज्जूभोवती पाण्यानं भरलेलं आवरण असतं. त्या आवरणाच्या बाहेर चरबी आणि बारीक शिरांची एक चिंचोळी जागा असते. एपिड्युरल देताना सुईतून तिथं एक बारीक नळी सोडतात आणि कळा सुसह्य होतील इतकं औषध देत राहतात. सीझरला बहुतेक वेळा देतात ती स्पायनल वेगळी. तिची सुई फार बारीक असते, एकदा टोचून काढून घेतात, नळी राहत नाही. म्हणून हा धोका तिथं आणखी कमी.

दिवस भरत आले की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. रक्त आडवाटेनं मणक्यातल्या शिरांत शिरतं आणि त्या टम्म फुगतात. नळी घालताना एखादी शीर टोचली जाते, यात नवल नाही. नळीत लाल दिसलं की आम्ही ती काढून दुसरीकडं घालतो. रक्त नीट गोठत असेल तर शीर मिटते आणि विषय संपतो. गोठत नसेल तर ते साचत जातं. चहूबाजूंनी हाड, रक्त जाणार कुठं? मग नसा दाबल्या जातात.

हे किती वेळा घडतं? तेरा लाखांहून जास्त बाळंतिणींची माहिती एकत्र करून २००६ साली एक अंदाज मांडला गेला: सुमारे १ लाख ६८ हजारांत एक. घाबरून कळा सोसत बसावं असा हा आकडा नाही. पण ती एक बाई कोण असू शकते, हे बऱ्याचदा आधी ओळखता येतं.

एकदा पहाटे पाचला एक पहिलटकरीण आली. सासर पुण्याचं, बाळंतपणाला माहेरी आलेली, फाइल सासरी राहिलेली. विचारलं, काही औषधं चालू आहेत का? आई म्हणाली, "नुसत्या ताकदीच्या गोळ्या." पोट तपासताना बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-पिवळे डाग दिसले, काही ताजे, काही विरलेले. "हे काय गं?" तर म्हणे, "ती पोटातली सुई, मॅडम. आधी दोनदा गर्भपात झाला ना, म्हणून." ती सुई म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, पण घरात कुणी तिला औषधात धरलंच नव्हतं. नवऱ्यानं व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटो पाठवला: ६० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. शेवटची सुई रात्री नऊची. दिवसाला ४० ची एकच सुई असती तर बारा तास थांबायचं. हिच्या डोसला चोवीस. मी एपिड्युरल दिलं नाही. तिनं कळा सोसल्या आणि मला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या मी आनंदानं घेतल्या.

दुसरी गोष्ट प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींची. त्या ७० हजारांच्या वर आणि स्थिर असतील, रक्तस्रावाचा दुसरा आजार नसेल, तर आम्ही सहसा पुढं जातो. पावसाळ्यात डेंग्यूनं त्या उतरतात. बीपी वाढलेल्या बाईच्या तर काही तासांत कोसळतात, तिथं परवाचा रिपोर्ट काय कामाचा? बीपीसाठी दिलेल्या छोट्या ॲस्पिरिनमुळं मात्र एपिड्युरल अडत नाही. ती सांगायची, लपवायची नाही.

आणि नळी काढणं हेही घालण्याइतकंच जोखमीचं. गुठळी तेव्हाही होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या सुईच्या वेळेचा हिशेब तिथंही लागतो.

आता पायाकडं या. एपिड्युरलच्या शेवटच्या डोसनंतर चार तासांनी बाईला गुडघा न वाकवता टाच गादीवरून उचलता आली पाहिजे. उचलत नसेल, आलेली ताकद परत जात असेल, पाठीत जबर कळ असेल, लघवी कळत नसेल, तर "भूल उतरायला येळ लागतोच" म्हणून गप्प बसायचं नाही. तेव्हाच डॉक्टरला उठवायचं. एमआरआय करून, गुठळी असेल तर ऑपरेशननं ती काढावी लागते. पायातली ताकद गेल्यापासून आठ तासांच्या आत हे झालं तर पाय वाचण्याची आशा जास्त. एमआरआय आणि मेंदू-मणक्याचा सर्जन तालुक्याला नसतो, तेव्हा या आठातले दोन-तीन तास रस्ताच खातो.

म्हणून पाय पाहायचं काम मी नर्सबरोबर आईलाही देते. एक माउली तर पहाटेपर्यंत घड्याळ धरून बसली होती. दर तासाला लेकीला हलवायची, "टाच उचल." सकाळी राउंडला गेले तर लेक म्हणाली, "मॅडम, पाय चांगले हायत माझे. आईला तेवढं झोपायला सांगा."