टर्नरच्या वादळात जहाज शोधताना

[पडद्यावर पूर्ण चित्र. काही सेकंद नुसतं चित्र, आवाज नाही.]

नमस्कार मंडळी. बघितलंत? करडं, मातकट, मळकं पांढरं, सगळं एकमेकांत घुसळलेलं. यात एक जहाज आहे, आणि ते लगेच सापडलं नाही तर तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. मधोमध बघा. एक बारीक उभी रेघ दिसतेय, ती डोलकाठी. तिच्याजवळ पांढरा झगझगीत उजेड आहे, तो जहाजावरून दिलेला इशारा. आणि वर वाकत गेलेला काळा पट्टा म्हणजे धूर. कारण ही शिडाची नौका नाही, आगबोट आहे. कोळशावर चालणारी, दोन्ही बाजूंना चाकं असलेली.

चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर, इंग्रज. साल 1842, वय 67. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे लागलं तेव्हा त्यानं नाव काय दिलं होतं ऐका. दम लागेल. ‘हिमवादळ: बंदराच्या तोंडाशी उथळ पाण्यात इशारे देत, तळाचा ठाव घेत चाललेली आगबोट. एरिअल हार्विचहून निघाली त्या रात्री या चित्राचा कर्ता या वादळात होता.’

हे नाव म्हणजे जवळजवळ साक्षीदाराचा जबाब आहे. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. उथळ पाणी का? कारण वादळात जहाजाला भर समुद्रापेक्षा किनाऱ्याजवळ जास्त भीती असते. तळ लागला की लाटा जहाज आपटून आपटून फोडतात. हार्विच इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, तिकडच्या समुद्रात वाळूचे उंचवटे पुष्कळ. मग खलाशी काय करायचे, दोरीला शिशाचं जड वजन बांधून पाण्यात सोडायचे. दोरीवर खुणा असायच्या, त्यावरून खोली कळायची. वजनाच्या बुडाशी खळगा असायचा, त्यात चरबी भरलेली. तिला चिकटून वर काय आलं, वाळू का चिखल, त्यावरून आपण कुठं आहोत याचा अंदाज. बर्फ पडतोय, काही दिसत नाही, आणि कुणीतरी कठड्याशी उभं राहून हे करतंय. चित्रात तो माणूस शोधू नका. टर्नरनं तो नावात ठेवलाय.

[पडद्यावर: ‘कॅलेचा धक्का’, 1803]

आता हे बघा. हेही टर्नरचंच, जवळजवळ चाळीस वर्षं आधीचं. 1802 मध्ये तो पहिल्यांदा ब्रिटनबाहेर पडला आणि फ्रान्समध्ये कॅलेला उतरताना त्याची होडी बुडता बुडता राहिली. वहीत त्यानं तसं लिहूनही ठेवलंय. पण चित्रात तो कुठं उभा आहे? धक्क्यावर. शिडं ओळखू येतात, माणसं ओळखू येतात, क्षितिज जागच्या जागी आहे. डच चित्रकारांनी, विशेषतः धाकट्या व्हॅन डी वेल्डनं, समुद्र असाच रंगवायला शिकवलं होतं, आणि टर्नर त्याच तालमीत तयार झाला.

[पुन्हा 1842चं चित्र]

इथं क्षितिज काढून टाकलंय. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, दाखवा मला. धूर, लाट, बर्फ, सगळं एकाच भोवऱ्यात फिरतंय आणि बघणाऱ्याला पाय टेकायला जागा ठेवलेली नाही. माझ्या मते या चित्रातला खरा धाडसी निर्णय हाच. रंगांची धूळधाण वगैरे नंतरची गोष्ट.

टीकाकारांना ते पचलं नाही. ‘साबणाचा फेस आणि चुना’ अशी संभावना झाली. ती टीका आली त्या संध्याकाळी टर्नर जॉन रस्किनच्या वडिलांच्या घरी होता. रस्किन तेव्हा तेवीस वर्षांचा, पुढं टर्नरचा सगळ्यात मोठा कैवारी झालेला समीक्षक. तो सांगतो की जेवणानंतर टर्नर शेकोटीपाशी आरामखुर्चीत बसून पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, ‘साबणाचा फेस आणि चुना!’ रस्किननं विचारलं, एवढं मनाला का लावून घेता? तर म्हातारा उसळला: समुद्र कसा असतो असं वाटतं यांना? असायला हवे होते त्यात!

आता ती प्रसिद्ध गोष्ट. टर्नरनं म्हणे खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, चार तास. वाचण्याची आशा नव्हती, पण वाचलो तर हे नोंदवून ठेवायचं असं ठरवलं होतं. फार छान गोष्ट आहे, म्हणूनच जरा संशय येतो. त्या रात्री एरिअल नावाची बोट हार्विचहून निघाल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. शिवाय अगदी हीच गोष्ट जोसेफ व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराबद्दल आधीपासून सांगत, आणि त्याच्या नातवानं 1822 मध्ये त्या प्रसंगाचं चित्रही काढलं होतं. सदुसष्टीला आलेला माणूस चार तास बर्फात बांधलेला? मला नाही पटत. पण वादळात सापडलेल्या बोटीवर टर्नर कधी नव्हताच असंही कुणी म्हणू शकणार नाही. कॅलेची वही आहे.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती विल्यम किंग्जली नावाच्या पाद्र्यामुळे. त्यानं आईला हे चित्र दाखवलं होतं आणि तिला ते भयंकर आवडलं. टर्नरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मी ते कळावं म्हणून काढलेलं नाही, आणि ते आवडायचा कुणाला अधिकार नाही. किंग्जली म्हणाला, पण माझी आई एकदा अशाच प्रसंगातून गेली होती, चित्र बघून तिला ते सगळं आठवलं.

‘तुमची आई चित्रकार आहे का?’ टर्नरनं विचारलं.

‘नाही.’

‘मग तिला त्या वेळी दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं.’