बोअर वाकडं असलं तर

[दृश्य: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक गाळावजा वर्कशॉप. लेथशेजारी टेबल, त्यावर व्हॉल्व्हची बॉडी, तिच्या आत सरकणारा दांडा म्हणजे स्पूल, आणि सुईनं बारीक फरक दाखवणारा डायल गेज.]

या टेबलावर बंदूक नाही. आधीच सांगतो, कारण विषय रायफलचा आहे: तिच्या आतले भाग लेथवर सरळ कसे करतात. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. आणि हे टर्नर मामा आयुष्यभर हायड्रॉलिक व्हॉल्व्ह करत आलेत.

बेळगावकराला रायफल नवी नाही. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. पण रायफलीच्या पोटातलं लेथकाम समजून घ्यायचं तर उद्यमबागच बरी.

[दृश्य: मामा स्पूल बॉडीच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, सरकवतात.]

बोटानं ढकलला की स्पूल सरकतो. मधली फट काही मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन. बोअर तिरकं गेलं तर?

"भायरनं कितीबी पालिश मार की. आत बोअर वाकडं असलं तर स्पूल अडकणारच नव्हं!"

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचं दुखणं हेच. नळीमागचा पोकळ भाग म्हणजे रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट, या जोडीला अ‍ॅक्शन म्हणतात. 1962 साली बाजारात आलेली रेमिंग्टन 700 घ्या. बोल्टला पुढे दोन लग, म्हणजे अडकणारे खुंट, असतात, गोळी सुटताना सगळा दाब त्यांच्यावर येतो. कारखान्यात हजारोंनी माल निघतो, वर हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे तापवून कडक करताना, पोलाद किंचित ओढलं जातं. मग दोनातला एकच लग नीट टेकतो, रिसीव्हरचं तोंड गुण्यात राहत नाही, नळी बसवायचे आटे जरा बाजूला जातात. शिकारीला चालून जातं. टेबलावर रायफल टेकवून कागदावर एकाच भोकात पाच गोळ्या घालणाऱ्या बेंचरेस्टवाल्यांना मात्र झोप लागत नाही.

[दृश्य: चार जॉ चकात पाइप. डायलची सुई.]

दुरुस्तीची सुरुवात मापायची जागा निवडण्यापासून होते. बाहेरची गोलाई धरायची नाही. बोल्ट ज्या वाटेनं सरकतो, तिच्यात ग्राइंड केलेला सरळ दांडा, म्हणजे मँड्रेल, बुश (फट भरणाऱ्या कड्या) लावून बसवायचा. अ‍ॅक्शन फिक्स्चरमध्ये, म्हणजे लेथवरच्या पकडीत, धरायची आणि मँड्रेलला डायल लावून दोन्ही टोकांचे स्क्रू ढिले-घट्ट करत बसायचं. लेथ फिरतोय आणि सुई जागची हलत नाही, असं झालं की जॉब सेंटरात आला. खरं कौशल्य इथंच संपतं असं मला वाटतं. पुढचं कटिंग तासाभराचं.

तोंड फेस करायचं, म्हणजे सपाट कापायचं, लग टेकतात त्या जागा साफ करायच्या, आटे पुन्हा काढायचे. सगळं एकाच सेटिंगमध्ये. मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "मधी जॉब काढला की सेंटर गेलं," ते आपणहून म्हटले. लेथ नको असेल तर बोल्टच्या वाटेत पायलट, म्हणजे दिशा धरणारा दांडा, घालून हातानं फिरवायचे रीमर (भोक साफ करायला) आणि टॅपही (आटे काढायला) मिळतात.

पण धातू काढला की हिशेब बदलतो. रेमिंग्टनचे आटे इंचाला 16. ते साफ करताना व्यास वाढतो, म्हणून जुनी नळी सैल होते. नवी नळी त्या मापाला कापावी लागते. लगच्या जागा कापल्या की बोल्ट मागे बसतो आणि काडतुसामागची मोकळी जागा वाढते. ती गो आणि नो-गो गेजनं (पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नको) तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर पितळी कवच मागच्या बाजूला फाटू शकतं.

आता काही कंपन्या हीट ट्रीटमेंटनंतरच शेवटचं मशिनिंग करतात, बोल्टची वाट वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनवर, काढतात. अशा अ‍ॅक्शनला ही उठाठेव लागत नाही.

जुन्या मॉझर 98 ची गोष्ट वेगळी. तिथे नळी टेकते ती रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर. बाहेरचं तोंड फेस करून काही हाती लागत नाही. शिवाय ते पोलाद आतून मऊ, कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात. लगच्या जागेवरचा तो थर कापला गेला, तर गोळ्यांच्या दाबानं लग हळूहळू आत रुततात.

मामांनी डायल पुसून डबीत ठेवला.

"मग त्याला कशाला हात लावायचा गा?"